नऊ आठवड्यांची पिले: जात कोणती, नर किती आणि तलंगा किती?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका ताईंनी आपल्या परसातील १४ पिलांची छायाचित्रे पाठवून त्यांची जात आणि नर-मादी ओळखून मागितली आहे. दुचाकीला टोपल्या बांधून गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याकडून त्यांनी ८ पिले ‘गिरिराज (परसातील पालनाची सुधारित जात), सगळ्या माद्या’ म्हणून घेतली, एक काळे पिलू ‘कडकनाथ’ म्हणून घेतले, आणि त्याच आठवड्यात घरच्या गावठी कोंबडीखाली ५ पिले निघाली. सगळी पिले आज नऊ आठवड्यांची आहेत. आषाढाआधी नर विकायचे असल्याने कोणती पिले वेगळी काढावीत, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

ताई, आधी थोडक्यात उत्तर देतो आणि कारणे नंतर सांगतो. विकत घेतलेल्या ८ पिलांपैकी ३ पांढरी पिले गिरिराज नाहीत आणि ती तिन्ही नर आहेत. उरलेल्या ५ पिलांत २ नर निश्चित आहेत, २ माद्या बहुधा आहेत आणि एका काबऱ्या पिलाबद्दल आज बोलणे घाईचे होईल. काळे पिलू कडकनाथ नाही, परंतु ती तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, होण्याची शक्यता चांगली आहे. घरच्या पाचांत उघड्या मानेचे पिलू नर आहे, खारीच्या रंगाची दोन पिले माद्या आहेत, आणि आखूड तुऱ्याची जी दोन पिले आपण माद्या म्हणून धरली आहेत, ती मात्र आणखी पाच-सहा आठवडे कोणत्याही बाजूला धरू नयेत.

आपण जात आणि लिंग हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले आहेत. माझ्या अनुभवात ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, कारण नर ओळखण्याचे कोणते लक्षण कोणत्या वयात खरे धरावे हे पिलाच्या रक्तात काय आहे यावर ठरते. नऊ आठवड्यांच्या हलक्या जातीच्या पिलाचा लालभडक तुरा म्हणजे नर, हे जवळजवळ डोळे मिटून सांगता येते. त्याच वयाच्या असील (झुंजीच्या कोंबड्यांची जात) वळणाच्या पिलाला तुरा दिसत नाही म्हणून त्याला मादी म्हणणारा माणूस मात्र हमखास फसतो. म्हणून आधी रक्त पाहावे, मग वय, आणि त्यानंतर लक्षण.

प्रथम त्या तीन पांढऱ्या पिलांविषयी. आपण पत्रात सहज लिहिले आहे की घेतली तेव्हा त्यांतील दोन गुलाबी आणि एक हिरवे होते. या एका वाक्यात सगळे उत्तर आहे. अंड्यांसाठी पांढऱ्या लेगहॉर्न वंशाची पिले उबवणाऱ्या केंद्रांत पहिल्याच दिवशी माद्या निवडून घेतात. नर अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही फारसे चढत नाही, त्यामुळे ते अत्यंत स्वस्तात बाहेर पडतात, रंगात बुडवले जातात आणि मुलांच्या हट्टावर खपतात. रंग फक्त लवेवर असतो, त्यामुळे खरी पिसे आली की तो जातो. आपल्या छायाचित्रातील तिन्ही पिले सडपातळ आणि उंच आहेत, त्यांचे पाय पिवळे आहेत, आणि नऊ आठवड्यांतच त्यांचा एकेरी करवती तुरा अंगठ्याच्या पेरापेक्षा उंच होऊन लाल झाला आहे. गिरिराजचा तुरा या वयात इतका पुढे गेलेला नसतो. ही पिले काटक असतात आणि मोकळ्यावर चरून जगतातही, परंतु त्यांना वजनासाठी विकत घेऊन दाणा घालण्यात अर्थ नाही. जी विकायची आहेत त्यांत ही तीन आधी काढावीत.

आता ‘गिरिराज’ या नावाबद्दल. मूळ गिरिराज बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात परसातील पालनासाठी तयार झाला. गिरिराणी आणि स्वर्णधारा ही त्याच घराण्यातील पुढची नावे. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचे, तर कावेरी बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील केंद्र सरकारी कुक्कुट संस्थेची. आपल्या सीमाभागात बंगळूर-धारवाडकडून येणारी पिलेही मिळतात आणि कोल्हापूरच्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडून येणारीही मिळतात, त्यामुळे एकाच गल्लीत तीन घराण्यांची पिले एकत्र चरताना दिसतात आणि फिरत्या विक्रेत्याच्या तोंडी त्या सर्वांचे नाव गिरिराजच असते. बाजारात ‘जवारी कोळी’ अशी पाटी दिसली की आपल्याकडच्या नव्या सुनेला कोळी म्हणजे जाळे विणणारा किंवा मासे धरणारा आठवतो. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी आणि जवारी म्हणजे आपले गावठी. त्या पाटीखालीही पुष्कळदा गिरिराजचे रंगीत नर गावठी म्हणून विकले जातात, कारण गावठीचा दर अधिक असतो.

गिरिराज आणि वनराजा या दोन्ही मिश्र पैदाशी आहेत, आणि दोहोंत तांबडा, काळा, काबरा, करडा, पांढुरका असे अनेक रंग निघतात. म्हणून केवळ रंगावरून ‘हा गिरिराज, हा वनराजा’ असे सांगणाऱ्यावर, मग तो कितीही जुना पालक असो, विश्वास ठेवू नये. मीही तसे सांगत नाही. एवढे मात्र सांगता येते की आपली ती पाच पिले सुधारित, जड अंगाची आहेत. पायाची नळी जाड आहे, छाती रुंद आहे, दोन पायांत अंतर आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या घरच्या पिलांपेक्षा ती जवळजवळ दुप्पट दिसतात. मोकळ्यावर चरणारे गावठी पिलू दोन महिन्यांत माझ्या काट्यावर साधारण ३०० ते ४५० ग्रॅम भरते, तर थोडा दाणा मिळालेले या जड वळणाचे पिलू ८०० ग्रॅमच्या पुढे गेलेले असते. घरी वजनकाटा असेल तर दर रविवारी एकाच वेळी, दाणा घालण्यापूर्वी, पिले तोलून वहीत लिहावीत. जात ओळखण्यासाठी ती वही माझ्या डोळ्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

या जड पिलांतील कोंबड्या मोठ्या झाल्यावर सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, म्हणून त्यांची अंडी आपण गावठी कोंबडीच्या रवणात, म्हणजे तिच्याखाली उबवायला ठेवलेल्या अंड्यांत, घालाल. पिले निघतील, परंतु ती गिरिराज असणार नाहीत. मिश्र पैदाशीची पुढची पिढी फुटते, कोणी आजीवर जाते तर कोणी आजोबांवर, आणि त्यांना पुन्हा त्याच नावाने विकणे योग्य नव्हे.

काळ्या पिलाकडे वळतो. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआ भागाचा, आणि झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून काळे दिसणारे कोणतेही पिलू त्या नावाने खपू लागले आहे. कडकनाथचे काळेपण केवळ पिसांत नसते, ते कातडीत आणि मांसात असते. पिलू डाव्या हाताच्या मुठीत हलके धरावे, उजव्या हाताच्या अंगठ्याने चोचीची खालची बाजू किंचित खाली दाबावी आणि उजेडात तोंड पाहावे. जीभ आणि टाळू काळसर-निळसर दिसले पाहिजेत. नंतर छातीवरची पिसे फुंकर मारून बाजूला करावीत, कातडी काळसर दिसली पाहिजे. शेवटी पाय उलटा करून तळवा पाहावा. आपण पाठवलेल्या चौथ्या छायाचित्रात पिलाने चोच उघडली आहे आणि आतला गुलाबी रंग स्वच्छ दिसतो. तळवाही पांढुरका आहे. लहानपणी त्याच्या पोटाखाली आणि पंखाच्या टोकांना पांढरट-पिवळी लव होती असेही आपण लिहिता. ही सगळी खूण ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प या काळ्या पिसांच्या विदेशी जातीच्या रक्ताची आहे. शुद्ध कडकनाथचे एक दिवसाचे पिलू निळसर ते काळे असते आणि त्याच्या पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असतात. पैसे जास्त गेले, हे खरे. परंतु ऑस्ट्रेलॉर्प वळणाची तलंग कडकनाथपेक्षा पुष्कळ अधिक अंडी देते, त्यामुळे आपण तोट्यात राहिलात असे मला वाटत नाही. जाता जाता, कडकनाथचे अंडेही काळे नसते, ते फिकट तपकिरी असते. काळे अंडे दाखवणारा विक्रेता भेटला तर ते अंडे रंगवलेले आहे असे समजावे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते लिंग ओळखण्याशीच जोडलेले आहे. बेटसन आणि पनेट या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये सिल्की या काळ्या कातडीच्या कोंबड्यांवरील आपले काम प्रसिद्ध केले. सिल्की नर आणि फिकट कातडीची मादी यांच्या पिलांत मुलगे फिकट निघाले आणि मुली काळ्या निघाल्या. जोडी उलटी केली तेव्हा सगळीच पिले फिकट निघाली. कारण असे की कातडीतला काळेपणा दाबणारा घटक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला असतो. कोंबड्यांत नराकडे ‘झेड’ गुणसूत्रे दोन असतात आणि मादीकडे एक ‘झेड’ व एक ‘डब्ल्यू’ असते, म्हणून आईचे ‘झेड’ फक्त मुलाकडे जाते. आपल्या भागात कोणी कडकनाथ नर पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबडीवर सोडला, तर त्या जोडीच्या पिलांतील काळी पिले प्रामुख्याने माद्या आणि उजळ पिले प्रामुख्याने नर, असे याच नियमाने दिसते. अशा संकरातील काळी मादी शुद्ध कडकनाथ म्हणून विकली जाते आणि ही फसवणूक तिचे तोंड उघडून पाहूनही उमगत नाही. पुढच्या पिढीत उमगते. आणि हो, पिलू नर होणार की मादी हे कोंबड्यांत आईच्या बाजूने ठरते, माणसांत बापाच्या. आपल्याकडे दोन्हीकडे दोष मात्र आईलाच मिळतो.

घरच्या पाच पिलांचे निदान मला सर्वांत रंजक वाटले. आपली गावठी कोंबडी एकेरी तुऱ्याची आणि भरल्या मानेची आहे, हे पहिल्या छायाचित्रात दिसते. तिच्या एका पिलाची मान उघडी आहे. उघडी मान हा प्रभावी गुण आहे, तो आईबापांपैकी एकात दिसल्याशिवाय पिलात येत नाही. आईत नाही, म्हणजे बाप उघड्या मानेचा होता. शिवाय या पिलाच्या मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका राहिला आहे. हा गुण एकाच बाजूने आला असला की असा झुबका राहतो, दोन्ही बाजूंनी आला तर मान जवळजवळ सगळीच उघडी पडते. दुसऱ्या दोन पिलांच्या डोक्यावर एकेरी तुऱ्याऐवजी मटाराच्या दाण्यांच्या तीन आखूड ओळींसारखा, डोक्याला चिकटलेला तुरा आहे. हाही प्रभावी गुण आहे आणि तोही आईत नाही. म्हणजे बाप किंवा बापांपैकी एक असील वळणाचा. आपण लिहिता की वाड्यात एकच नर आहे आणि तो तांबडा, एकेरी तुऱ्याचा, भरल्या मानेचा आहे. तसे असेल तर ही तिन्ही पिले त्याची नाहीत. कोंबडीच्या शरीरात नराचे रेत साधारण दोन आठवडे टिकून राहते आणि त्या काळातील प्रत्येक अंडे त्यातूनच फळते. त्यामुळे एकाच रवणातील पिलांचे बाप दोन किंवा तीनही असू शकतात. शेजारच्या आवारातील कोंबडे एकदा पाहून यावेत, कोणत्या नराचा दोष आहे ते आपल्याला तेथेच कळेल.

आता लिंगाकडे. सर्वप्रथम जे उपाय घरी करू नयेत, ते सांगतो.

अंड्याच्या आकारावरून, म्हणजे लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, हा समज आपल्याकडे इतका रुजलेला आहे की रवणावर अंडी घालताना आजही घरोघरी वृद्ध स्त्रिया अंडी निवडतात. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडवाहिनीवर ठरतो आणि एक कोंबडी बहुतेक एकाच घडणीची अंडी देते. हा समज खरा असता तर एखाद्या कोंबडीला जन्मभर फक्त कोंबडेच झाले असते, आणि तशी कोंबडी मी अद्याप पाहिलेली नाही. दोऱ्याला अंगठी बांधून पिलावर धरणे, पिलू पायाने उलटे धरून ते डोके वर करते का ते पाहणे, मानेच्या कातडीला धरून पाय लोंबतात की आखडतात ते पाहणे, यांतून अर्ध्या वेळा उत्तर बरोबर येते. नाणे उडवूनही तेवढेच येते, कारण नर आणि मादी जवळजवळ सारख्याच संख्येने जन्मतात.

दुसरा प्रकार खरा आहे, परंतु घरचा नाही. एक दिवसाच्या पिलाची गुदद्वाराची घडी उलटून आतील सूक्ष्म उंचवटा पाहून नर ओळखण्याची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली. मासुई आणि हाशिमोतो यांचे तीवरील पुस्तक १९३३ मध्ये इंग्रजीत आले. प्रशिक्षित माणूस तासाला हजाराच्या आसपास पिले पाहतो आणि त्याच्या फारच थोड्या चुका होतात. परंतु तो उंचवटा मोहरीच्या दाण्याहून लहान असतो, काही माद्यांतही त्याचा अवशेष असतो, आणि अननुभवी हातात पिलाचे आतडे दुखावते. आपण हे करू नये, आणि कोणी हौसेने करत असेल तर त्याला आपली पिले देऊ नयेत.

तिसऱ्या प्रकाराने मी स्वतः फसलो आहे. एक-दोन दिवसांच्या पिलाचा पंख पसरला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची लांब पिसे आणि वरची आच्छादणारी पिसे लहान-मोठी असतील तर मादी, सारखी असतील तर नर, असे मी वाचले होते. वीसेक वर्षांपूर्वी ५० पिलांचे पंख पसरून मी मोठ्या आत्मविश्वासाने २७ ‘माद्या’ निवडल्या आणि बाकीची वाटून टाकली. साडेतीन महिन्यांनी त्या २७ पैकी १४ पहाटे आरवू लागल्या. चूक पिलांची नव्हती. पिसे उशिरा येण्याचा गुणही ‘झेड’ गुणसूत्रावर असतो, आणि तो गुण आईत आहे व बापात नाही अशी जोडी मुद्दाम जुळवली तरच मुलग्यांना पिसे उशिरा येतात आणि मुलींना लवकर. अशी जोडी जुळवलेल्या पैदाशीतच, तीही पहिल्या दोन-तीन दिवसांतच, ही खूण चालते. गावच्या मिश्र पिलांत ती काहीच सांगत नाही. हीच गोष्ट रंगाची. तपकिरी अंड्यांच्या व्यापारी कोंबड्यांत सोनेरी वंशाचा नर आणि रुपेरी वंशाची मादी जुळवतात, म्हणून मुली तांबूस आणि मुलगे फिकट निघतात. तेथे पहिल्या दिवशीच रंग पाहून नर-मादी वेगळे करता येतात. आपल्या गिरिराज वळणाच्या पिलांत तांबूस म्हणजे मादी असा अर्थ नाही.

आता जे चालते ते. आपल्या पिलांच्या वयात तीन ठिकाणी पाहावे, आणि पिलू धरून पाहावे, कारण अंगणात पळणाऱ्या पिलाचे अर्धे गुण दिसत नाहीत. संध्याकाळी पिले खुराड्यात बसली की एकेक काढावे, मांडीवर टॉवेल घेऊन त्यावर ठेवावे, आणि विजेरीचा उजेड बाजूने टाकावा.

पहिली जागा तुरा आणि चोचीखाली लोंबणारे कल्ले. एकेरी तुऱ्याच्या पिलांत सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा लाल, जाड आणि ओलसर चकाकीचा होतो, मादीचा पिवळट-गुलाबी आणि बुटका राहतो. आपल्या जड पिलांपैकी तांबडे आणि करडे ही दोन पिले तुऱ्यावरून सरळ नर आहेत, कारण त्यांचे कल्लेही उतरले आहेत. पांढुरके आणि काळे-तांबडे यांचे तुरे फिकट आहेत, म्हणून मी त्यांना बहुधा माद्या म्हटले. बहुधा अशासाठी की जड अंगाचे काही नर उशिरा रंग धरतात. काळ्या पिलाबद्दलही तेच, त्याचा तुरा लहान आणि फिका आहे. मटार तुऱ्याच्या पिलांत ही जागा पाहूच नये. असील वळणाच्या नराचाही तुरा आखूड आणि कल्ले जवळजवळ नसल्यासारखे असतात, आणि म्हणूनच आपण त्या दोघांना माद्या समजलात.

दुसरी जागा छाती आणि खांदा, आणि ही विशेषतः गावठी पिलांसाठी. ज्या पिलांच्या पाठीवर लहानपणी खारीसारखे पट्टे होते, त्यांची अंगभूत रंगसंगती रानकोंबड्याची असते. अशा पिलांत पाच-सहा आठवड्यांनंतर मादीच्या छातीवर विटकरी-तांबूस पिसे येतात आणि नराच्या छातीवर काळी पिसे फुटू लागतात. आपल्या दोन पिलांची छाती एकसारखी तांबूस आहे, पाठ बारीक ठिपक्यांची आहे आणि अंगावर कोठेही रंगाचा डाग नाही. त्या माद्या आहेत, हे मी निश्चयाने लिहितो. उलट उघड्या मानेच्या पिलाची छाती काळी पडू लागली आहे आणि दोन्ही खांद्यांवर लाल पिसे ठिगळ लावल्यासारखी उमटली आहेत. ज्या पिलाचा रंग या वयात ठिगळाठिगळांचा होतो ते बहुतेक नर असते, कारण मादी नवीन पिसांतही एकसारखीच दिसते.

तिसरी जागा सर्वांत खात्रीची, परंतु तिच्यासाठी थांबावे लागते. पाठीचा शेवट आणि शेपटीचे मूळ यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, बोट थोडे ओले करून पिसे उलटी करावीत. खालून नवी पिसे वर येत असतात. मादीचे नवे पीस टोकाला गोल असते, करंगळीच्या नखासारखे, आणि रंगाने मंद असते. नराचे नवे पीस अरुंद, टोकदार आणि तेलकट चकाकीचे असते, त्याची कड विसविशीत झालरीसारखी सुटी दिसते. हलक्या जातीत ही पिसे दहाव्या ते बाराव्या आठवड्यात दिसू लागतात, जड आणि असील वळणात बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात. असे एकच टोकदार पीस सापडले तरी पुरे, मग तुरा, आवाज, चाल यांपैकी कशाचाही विचार करू नये. काळ्या पिलातही हीच परीक्षा शेवटची, कारण काळ्या नराच्या त्या पिसांवर हिरवी झाक येते. पुढे याच जागेवरून नराची पिसे लोंबू लागतात आणि शेपटीत कोयत्यासारखी वाकडी पिसे येतात, परंतु तोपर्यंत नर ओळखायला कोणाचीही गरज उरत नाही.

गोल पीस हे मादीच्या संप्रेरकाचे काम आहे, नराची टोकदार पिसे त्या संप्रेरकाच्या अभावाने येतात. कोंबडीचे फक्त डावे अंडाशय काम करते. ते आजाराने निकामी झाले तर जुनी कोंबडीही हळूहळू नरासारखी पिसे धरते, तिचा तुरा वाढतो आणि क्वचित ती आरवते. आपल्याकडे आरवणाऱ्या कोंबडीला अशुभ मानून लगेच कापतात. ती आजारी असते, एवढाच त्याचा अर्थ.

आरवणे, भांडणे, ताठ उभे राहणे यांवर मी फारसा भर देत नाही. दोन तलंगाही समोरासमोर मान फुगवून उभ्या राहतात. पायाच्या नळीवरचा काटाही या वयात उपयोगाचा नाही, कारण त्याची बारीक गाठ दोघांतही असते आणि काही जुन्या कोंबड्यांत काटा चांगला वाढलेलाही असतो. पायाची जाडी मात्र एकाच रवणातील, एकाच बापाच्या पिलांत तुलनेसाठी चालते. आपल्या मटार तुऱ्याच्या दोन पिलांपैकी एकाची नळी दुसऱ्याच्या दीडपट जाड दिसते, म्हणून एक नर आणि एक मादी असा माझा कयास आहे. कयासावर मात्र विक्री करू नये.

राहिले ते काबरे पिलू. पांढऱ्या-काळ्या आडव्या पट्ट्यांचा गुणही ‘झेड’ गुणसूत्रावर असतो. नराला तो दोन्ही बाजूंनी मिळू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मिळालेला नर अधिक उजळ दिसतो, तर मादी गडद दिसते आणि तिच्या पायाच्या नळीवर पुढच्या बाजूने काळसर झाक असते. आपले पिलू गडद आहे, परंतु पाय स्वच्छ पिवळे आहेत आणि तुरा ना फिका ना लाल. मिश्र रक्तात एका बाजूने पट्टे मिळालेला नरही असाच गडद दिसू शकतो. म्हणून थांबावे.

आषाढाची घाई असेल तर तीन पांढरे, दोन जड नर आणि उघड्या मानेचा नर, असे सहा नर आज वेगळे काढता येतात. उघड्या मानेचा नर मी मात्र ठेवला असता. अशा कोंबड्यांना उन्हाळा कमी बाधतो, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर आपल्याला लागणारच आहे. घरचा तांबडा नर कामाचा असेल तर हा विचार सोडावा. तलंगांना अंड्यांवरचे खाद्य आत्ताच सुरू करू नये. त्यातील चुना वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडाला बाधतो, ते सतराव्या-अठराव्या आठवड्यापर्यंत थांबू द्यावे.

काबरे पिलू आणि मटार तुऱ्याची दोन्ही पिले यांच्या पायात खूण बांधावी, कारण तीन आठवड्यांनी रंग इतके बदलतात की आपण कोणत्या पिलाबद्दल बोलत होतो हे आपल्यालाच आठवत नाही. रंगीत प्लॅस्टिकची कडी मिळाली नाहीत तर सुती चिंधी सैल बांधली तरी चालते. फक्त दर आठवड्याला ती सोडून पुन्हा बांधावी, नाहीतर वाढत्या नळीत ती रुतते. काबऱ्याच्या शेपटीच्या मुळाचे, पिसे उलटी करून घेतलेले छायाचित्र बाराव्या आठवड्यात पाठवावे, आणि मटार तुऱ्याच्या दोघांचे पंधराव्यात.